संकल्प सात, मोकळा वेळ चाळीस मिनिटं

प्रश्न : मी ३९ वर्षांची आहे. नोकरी, दोन मुलं, घरात सासरे. दर एक जानेवारीला नव्या वहीत संकल्प लिहिते. यंदा सात लिहिले : पहाटे पाचला उठणं, रोज एक तास व्यायाम, महिन्याला दोन पुस्तकं, रोज डायरी, फोन कमी, चिडचिड कमी आणि डेटा अ‍ॅनालिसिसचा ऑनलाइन कोर्स मार्चपर्यंत पूर्ण. हा कोर्स याआधी दोनदा सुरू केला आणि दोन्ही वेळा तिसऱ्या धड्यावर सोडला. ऑफिसात पुढची जबाबदारी मिळायची तर तो हवाच आहे. दहा तारखेपर्यंत सगळं नीट चाललं. मग धाकट्याला ताप आला, चार दिवस काहीच जमलं नाही आणि नंतर वही उघडावीशीच वाटेना. रात्री मुलं झोपली की अकराला जेमतेम चाळीस मिनिटं मिळतात, ती फोनमध्ये जातात. सकाळी बसच्या वेळेमुळे ऑफिसात अर्धा तास आधी पोचते, तिथेही तेच. सासऱ्यांना मात्र दर शनिवारी फिजिओथेरपीला नेते, त्याला वर्ष झालं. म्हणजे दुसऱ्यासाठी जमतं, स्वतःसाठी नाही. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? आणि आता जानेवारी संपत आला, म्हणजे हेही वर्ष गेलंच ना?
– नव्याचे नऊ दिवस

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती शनिवारची. जरा त्या शनिवारकडे नीट बघा. वेळ ठरलेली आहे. जागा ठरलेली आहे. तिथे गेल्यावर काय करायचं हे आधीच कुणीतरी ठरवलेलं आहे. पलीकडे एक माणूस वाट बघतो. आणि समजा एखादा शनिवार चुकला, तर 'आता फिजिओथेरपी संपलीच' असं तुम्ही म्हणत नाही, पुढच्या शनिवारी जाता. आज मन आहे का, अंगात ताकद आहे का, हे प्रश्न त्या सकाळी निघतच नाहीत.

वहीतल्या सात संकल्पांपैकी एकाला तरी यातलं काही मिळालंय का? 'फोन कमी' याला ना वेळ, ना जागा. 'महिन्याला दोन पुस्तकं' कधी आणि कुठे बसून वाचायची, हे कुठेच लिहिलेलं नाही. त्यामुळे रोज रात्री थकलेल्या डोक्याने सगळं नव्याने ठरवावं लागतं, आणि अशा वेळी हातातला फोनच जिंकतो. तेव्हा इच्छाशक्तीचा प्रश्न बाजूला ठेवा. वर्षभर एक काम सांभाळणाऱ्या बाईत ती नाही, असं म्हणायला काहीच आधार नाही. कमतरता आहे ती आखणीत, आणि आखणी बदलता येते.

आधी सरळ हिशेब मांडू. व्यायाम रोज ६० मिनिटं. अडीचशे पानांची दोन पुस्तकं म्हणजे महिन्याला ५०० पानं. तासाला ३०-३५ पानं धरली तर साधारण १५ तास, म्हणजे रोजची ३० मिनिटं. डायरी १५. कोर्स मार्चअखेर संपवायचा तर किमान ४५. बेरीज १५० मिनिटं, रोजचे अडीच तास. आणि तुमच्या हाताशी आहेत चाळीस मिनिटं. पहिले दहा दिवस हे कसं जमलं असेल? झोपेतून वेळ काढून. नवा उत्साह असतो तोवर शरीर ते चालवून घेतं. मूल आजारी पडणं हे निमित्त झालं. ते पडलं नसतं तरी पंधरा-वीस तारखेला दुसरं काहीतरी आडवं आलंच असतं, कारण या वेळापत्रकात एका तापापुरतीही फट ठेवलेली नव्हती.

म्हणून पहिलं काम म्हणजे सातातून एक निवडायचं. एक ना धड भाराभर चिंध्या होण्यापेक्षा एकच, पण पुरतं. निवडताना स्वतःला विचारा : डिसेंबरमध्ये मागे वळून बघताना यातलं कोणतं एकच झालेलं असलं तरी वर्षाचं समाधान वाटेल? तुमच्या बाबतीत उत्तर पत्रातच आहे. 'हवाच आहे' हा शब्द तुम्ही फक्त कोर्ससाठी वापरला आहे. डायरी आणि पुस्तकं चांगलीच आहेत, पण ती राहिली तर तुमचं काही अडत नाही. ती एका कागदावर लिहून बाजूला ठेवा.

पहाटे पाचबद्दल मात्र थोडं थांबून बोलावं लागेल, कारण बाकीचं बरंचसं त्यात अडकलेलं आहे. रात्री अकरानंतर चाळीस मिनिटं फोन, म्हणजे झोपायला पावणेबारा तरी होतात. पाचला उठलं की झोप सव्वापाच तास. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. रोज पावणेदोन तासांची तूट आठवड्याला बारा तासांच्या वर जाते, आणि अपुऱ्या झोपेचा पहिला मार बसतो तो लक्ष आणि संयम या दोन गोष्टींवर. म्हणजे पाचला उठण्याचा संकल्प तुमच्या 'चिडचिड कमी' या संकल्पाच्या मुळावरच उठला होता. लवकर उठायचं असेल तर सुरुवात रात्रीकडून करायची असते. झोपायची वेळ १५ मिनिटांनी अलीकडे आणायची, उठायचीही तेवढीच, आणि तिथे चार-पाच दिवस थांबून पुढचे १५. एक तास सरकवायला असे अठरा-वीस दिवस लागतात. उठल्या उठल्या पडदे उघडून उजेडात जायचं, दुपारनंतर चहा-कॉफी टाळायची आणि सुटीच्या दिवशीही नेहमीच्या वेळेच्या तासाभराहून उशिरा उठायचं नाही. घड्याळ एका झटक्यात दोन तास मागे ओढलं की चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस दुपारी पेंगतो आणि रात्री उलट उशिरापर्यंत जागतो. पण हेही सध्या करू नका. तुम्हाला पाचची गरजच नाही. का ते पुढे सांगतो.

'फोन कमी' आणि 'चिडचिड कमी' यांची अडचण वेगळी आहे. दोन्ही 'हे करणार नाही' या जातीचे संकल्प आहेत. स्वीडनमध्ये नववर्षाच्या संकल्पांवर हजाराहून जास्त लोकांचा एक अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'हे करीन' असा संकल्प करणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्के लोकांनी वर्षअखेरीस आपण यशस्वी झालो असं सांगितलं. 'हे टाळीन' म्हणणाऱ्यांत ते प्रमाण ४७ टक्के होतं. कारण समजायला अवघड नाही. टाळायच्या गोष्टीला दिवसभर पहारा द्यावा लागतो, करायची गोष्ट एकदा करून मोकळं होता येतं. म्हणून फोनसाठी एकच कृती : चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेरच्या खोलीत न्या आणि गजराचं साधं घड्याळ उशाशी ठेवा. अकराला फोन चार्जिंगला, तुम्ही अंथरुणात. रात्रीची ती चाळीस मिनिटं मी तुम्हाला झोपेसाठीच द्यायला सांगतोय, अभ्यासासाठी नाही. चिडचिडीचं म्हणाल तर आधी महिनाभर झोप पुरी करून बघा. ती तरीही उतरली नाही, किंवा दोन आठवडे सलग उदास वाटतंय, आवडत्या गोष्टीतही मन रमत नाही असं जाणवलं, तर तो संकल्पाचा विषय राहत नाही. तेव्हा डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा.

आता कोर्स. तुमच्याकडे दिवसातली सगळ्यात चांगली वेळ आधीपासूनच आहे, तुम्ही ती मोजलीच नाही. ऑफिसात पोचल्यानंतरचा अर्धा तास. त्या वेळी डोकं ताजं असतं, घरच्या हाका नसतात आणि बसची वेळ ठरलेली असल्यामुळे हा अर्धा तास रोज आपोआप येतो. म्हणून पाचला उठायची गरज नाही म्हटलं.

त्या अर्ध्या तासातली २० मिनिटं कोर्सची. उरलेली दहा पाणी प्यायला, टेबल लावायला, कुणाशी दोन शब्द बोलायला राहू द्या. ती मोकळी ठेवली नाहीत तर बस दहा मिनिटं उशिरा आली त्या दिवशी सगळंच बारगळेल. आणि संकल्प या शब्दांत लिहा : 'ऑफिसात पोचून बॅग खाली ठेवली की लगेच इअरफोन लावून धडा उघडीन.' यातला 'बॅग ठेवली की' हा भाग फार मोलाचा आहे. 'अमुक झालं की तमुक करीन' अशा आखणीवरच्या ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला, आणि नुसत्या इराद्यापेक्षा अशी जोड दिलेला इरादा बऱ्याच जास्त वेळा पार पडतो असं त्यात दिसलं. खूण मात्र डोळ्यांना दिसणारी, हाताला जाणवणारी हवी. 'सकाळी वेळ मिळाल्यावर' ही खूण होत नाही, कारण वेळ मिळाल्याची घंटा वाजत नाही. बॅग खाली ठेवल्याचं कळतं.

त्याच वाक्याखाली आणखी एक वाक्य लिहा, वाईट दिवसासाठी : 'बस उशिरा आली किंवा डोकं चाललं नाही, तर काल काय शिकले त्याचे तीन मुद्दे कागदावर लिहीन.' याला पाच मिनिटं लागतात. ही छोटी आवृत्ती म्हणजे पळवाट नव्हे. तिच्यामुळे बॅग ठेवणं आणि कोर्स यांची गाठ सुटत नाही, आणि सुरुवातीच्या महिन्यांत धड्यापेक्षा ती गाठच जास्त जपायची असते.

तिसऱ्या धड्यावर तुम्ही दोनदा का थांबलात? अशा कोर्समध्ये पहिले एक-दोन धडे बहुधा ओळखीचे असतात : विषय काय, सॉफ्टवेअर कसं उघडायचं. ते नुसते बघून पुढे जाता येतात. त्यानंतर स्वतः हाताने करायचं येतं, आणि रात्री अकराला आडवं पडून फोनवर धडा बघणाऱ्याला तिथे काहीच जमत नाही. म्हणून तिसऱ्यापासून पद्धत बदला. चाळीस मिनिटांचा धडा असेल तर त्याचे दहा-दहा मिनिटांचे चार तुकडे करा. दहा मिनिटं बघायचं, पुढची आठ मिनिटं तेच स्वतः करून बघायचं. शेवटच्या दोन मिनिटांत वहीत एक ओळ लिहायची, उद्या कुठून सुरू करायचं त्याची. 'पुढे चालू' असं नको. 'धडा तीन, १२ व्या मिनिटापासून, फिल्टर लावून तीच बेरीज पुन्हा काढायची' इतकं नेमकं हवं. दुसऱ्या दिवशी जी टाळाटाळ होते ती बहुतेक 'कुठे होते मी?' या धुक्यामुळेच होते, आणि ते या एका ओळीने जातं.

आणि रोज धडा उघडण्यापूर्वी कालचं न बघता आठवून लिहा. दोन-तीन मुद्दे पुरेत. २००६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवत होतं, पण आठवड्यानंतर स्वतःची परीक्षा घेणारे पुढे होते. तुम्हाला कोर्स ऑफिसात वापरायचा आहे, तेव्हा आठवड्यानंतर काय उरतं तेच महत्त्वाचं. आठवताना अडखळणं त्रासदायक वाटतं, पण त्या अडखळण्यातच ते पक्कं बसतं.

आता मार्चचं बघू. समजा कोर्सचे धडे मिळून २४ तासांचे आहेत. (तुमचा आकडा वेगळा असेल तर तो घाला.) बघण्याइतकाच वेळ करून बघायला धरा, म्हणजे ४८ तास, २८८० मिनिटं. आठवड्याचं लक्ष्य पाच दिवसांचं ठेवू नका, चारच दिवसांचं ठेवा. पाचवा दिवस राखीव, सकाळच्या मीटिंगसाठी, मुलांच्या शाळेसाठी. चार दिवसांची ८० मिनिटं आणि सुटीच्या दिवशी सरावाची एक ४० मिनिटांची बैठक, असे आठवड्याला १२० मिनिटं. २८८० भागिले १२०, म्हणजे २४ आठवडे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू केलं तर जुलैचा मध्य. त्यात परीक्षा, आजारपणं, प्रवास यांचे सहा आठवडे मिळवा. ऑगस्टअखेर. मार्चच्या तुलनेत हे फार लांब वाटेल. पण हा कोर्स दोनदा अर्धवट सुटला आहे, आणि ऑगस्टची तारीख तुमच्या खऱ्या दिवसांवर बेतलेली आहे. आपल्याच कामाला लागणारा वेळ कमी धरणं ही माणसाची जुनी खोड आहे. मागच्या वेळी प्रत्यक्षात किती लागला ते बघून आकडा धरला तर ती आवरता येते.

खंड पडणार, हे आजच धरून चाला. अमेरिकेत दोनशे संकल्पकर्त्यांचा दोन वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाला. आठवडाभर टिकले ७७ टक्के, दोन वर्षं टिकले १९ टक्के. पण त्यातली मला सर्वांत उपयोगी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे : जे यशस्वी झाले त्यांच्यातही निम्म्याहून अधिक लोकांचा संकल्प मध्ये मोडला होता, आणि दोन वर्षांत सरासरी १४ वेळा मोडला होता. म्हणजे टिकणारा आणि सोडणारा यांच्यात फरक चुकण्याचा नव्हता, चुकल्यानंतर काय केलं याचा होता. लंडनमध्ये सवयींवर झालेल्या आणखी एका अभ्यासातही एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर विशेष परिणाम झालेला दिसला नाही. त्याच अभ्यासातून सवयीला लागणाऱ्या काळाचा अंदाजही मिळतो. १८ पासून २५४ दिवसांपर्यंत, मधला आकडा ६६. तेव्हा २१ दिवसांत सवय लागते या भरवशावर राहू नका. बावीसाव्या दिवशीही कोर्स उघडणं जड वाटलं तर काही बिघडलंय असं नाही, अजून अंगवळणी पडायचं आहे इतकंच.

खंडासाठी नियम दोन. एक : सलग दोन कामाचे दिवस चुकवायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी निदान पाच मिनिटांची आवृत्ती करायचीच. मूल आजारी असताना रजेवर असाल तर हा नियम थांबलेला असतो, आणि ऑफिसात परतलात त्या सकाळी बॅग ठेवल्यावर तो पुन्हा सुरू होतो. दोन : बुडालेलं भरून काढायचं नाही. चार दिवस बुडाले म्हणून पाचव्या दिवशी ऐंशी मिनिटं बसायचं ठरवलं की ती ऐंशी मिनिटं मिळत नाहीत, मग तोही दिवस बुडतो आणि थकबाकी शंभर मिनिटांची होते. दहा तारखेनंतर तुम्हाला वही उघडवेना ती या थकबाकीमुळेच. थकबाकी दर वेळी माफ. जिथे थांबलात तिथून पुढे.

नोंदीसाठी भिंतीवरची किंवा टेबलावरची तारखांची पट्टी पुरे. वीस मिनिटं झाली की पूर्ण रेघ, पाच मिनिटांची आवृत्ती झाली की अर्धी, काही नाही तर कोरं. कोऱ्या चौकोनात कारण एका शब्दात लिहा : 'बस', 'ताप', 'मीटिंग'. दर रविवारी दहा मिनिटं त्या पट्टीकडे बघा. सलग तीन आठवडे चारपेक्षा कमी रेघा असतील तर 'आता जोर लावीन' असं ठरवू नका, काहीतरी हलवा. कारण 'बस' असेल तर २० ची १५ मिनिटं करा. 'मीटिंग' असेल तर बैठक जेवणाच्या सुटीत न्या आणि खूण बदला, 'डबा बंद केला की'. 'अवघड' असं दोनदा आलं तर तो तुकडा एखाद्या जाणकार सहकाऱ्यासमोर बसून सोडवून घ्या. तिथे एकटीने झगडणं म्हणजे तिसऱ्या धड्याचीच पुनरावृत्ती.

वाट बघणारा माणूसही लागेल, शनिवारसारखा. सगळ्यांना सांगत फिरण्याची गरज नाही. बाहेर जाहीर केलं की कौतुक आधीच मिळून जातं आणि कामाची निकड ओसरू शकते. एकच व्यक्ती निवडा, शक्यतो ऑफिसातली, आणि तिला दर शुक्रवारी फक्त त्या आठवड्यातल्या रेघांचा आकडा कळवा. स्पष्टीकरण नाही, माफी नाही. 'या आठवड्यात तीन.' एवढंच.

व्यायामाबद्दल तुम्हाला चुटपुट लागेल हे मला माहीत आहे, आणि ती योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची आहे. पण शून्यावरून रोज तासावर उडी मारणाऱ्याचे गुडघे आणि उत्साह दोन्ही लवकर कुरकुरतात. सध्या शनिवारी सासरे आत उपचार घेत असतील तेव्हा बाहेर बसून न राहता २० मिनिटं भरभर चाला. तो दिवस आधीच पक्का आहे, त्याला चालणं जोडणं सोपं आहे. कोर्सच्या सलग आठ आठवड्यांत किमान चार-चार रेघा झाल्या की मग चालण्याचा दुसरा वार ठरवा, त्याआधी नको. बाजूला ठेवलेला कागदही तेव्हाच उघडा.

राहिला जानेवारी. नव्या सुरुवातीला जोर येतो हे खरंच आहे, पण तो फक्त एक तारखेला येत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जिममध्ये जाणाऱ्यांची संख्या वर्षाच्या सुरुवातीला वाढलेली दिसली, तशीच ती महिन्याच्या आणि आठवड्याच्या सुरुवातीलाही वाढलेली दिसली. तुम्हाला येता सोमवार पुरेसा आहे. त्यासाठी रविवारी संध्याकाळी अर्धा तास काढा. तिसरा धडा फोनवर किंवा लॅपटॉपवर डाउनलोड करून ठेवा, म्हणजे सकाळी नेट अडणार नाही. इअरफोन चार्ज करून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. ती दोन वाक्यं एका कार्डावर लिहून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. आणि धडा एक आणि दोनमधलं काय आठवतंय ते रविवारी बघू नका, सोमवारच्या पहिल्या पाच मिनिटांचं काम तेच आहे.